दिवस बुडायच्या आत

ओमाहा, जानेवारी. तिसरा मजला, सहा नंबरची खोली.
भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे,
कुणी मागे करत नाही.

माझं काम हमालाचं.
न्यायाधीश लिंडक्विस्टबाई इंग्रजीत विचारतात,
फोनवरचा एक माणूस ते स्पॅनिशमध्ये उतरवतो,
तिथून मी उचलतो आणि कान्होबालमध्ये
बासिलियाच्या पुढ्यात ठेवतो.
ती बोलते. मग तेच ओझं उलट्या पायऱ्यांनी
वर.

प्रश्न साधा होता: ते लोक घरी कधी आले?
ती म्हणाली, घेवडा फुलावर होता.
मी म्हणालो, घेवडा फुलावर होता.
फोनमधून गेलं, शेंगांचा हंगाम.
इंग्रजीत पोचलं: कापणीच्या सुमारास.

सरकारी वकिलानं पान उलटलं.
अर्जात तर ऑगस्ट लिहिलंय.
फूल आणि कापणी यांच्यात दोन-अडीच महिने असतात.
तेवढ्यात बासिलिया खोटारडी ठरली.

मी हात वर केला. दुभाष्याची दुरुस्ती.
पुन्हा फोन, पुन्हा पायऱ्या, मध्येच लाइन तुटली.
अकरा मिनिटं गेली
एक फूल जागेवर ठेवायला.

तिकडे राजधानीत विधेयक आलंय.
अशा प्रकरणांचा निकाल साठ दिवसांत लावा,
सुनावणी एकच, वकील मिळाला तर मिळाला.
मी रात्री बसून सगळं वाचलं.
'कार्यक्षमता' चौदा वेळा आहे.
अकरा मिनिटांची सोय कुठल्या कलमात,
मला सापडली नाही.

मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये ती विचारते,
कायदा झाला तर माझ्या बहिणीला किती दिवस मिळतील?
आमच्या बोलीत दिवस आणि सूर्य, शब्द एकच.
उगवतो तोच, पगारात कापला जातो तोच, बुडतो तोच.
साठ, मी म्हणतो.
ती काचेतून बाहेर बघते.
पार्किंगमध्ये काळपट बर्फ,
आभाळ करपलेल्या भांड्याच्या बुडासारखं,
आठवडाभर ऊन नाही.
म्हणते, आणि हे असले? हेही धरतात का त्यात?

मी हसलो. मग हसलो याची लाज वाटली.
रात्रभर कारखान्यात डुकराच्या फऱ्या सोलून
ती सरळ इथे आली होती,
बोटं अजून मिटत नव्हती.
तिचा माल्तिन बाकावर आडवा,
बुटांतले दिवे झोपेतही लुकलुकणारे.

खोटं कशाला बोलू, उशीरही काही देवमाणूस नव्हता.
माझा निकाल नऊ वर्षांनी लागला.
बाप गेला तेव्हा जाता आलं नाही,
मातीचा फोटो आला, तोही धूसर.
किती शिव्या घातल्या मी त्या तारखांना!
पण त्याच उशिरात मला वकीलबाई भेटल्या,
त्याच उशिरात साक्ष द्यायला तयार असलेला चुलता सापडला,
गावातून शिक्क्याचा कागद निघाला,
आणि ही भाषा, जिच्यात मी आज हात वर करतो.
उशीर म्हणजे परक्याची ओसरी होती.
आत घेतलं नव्हतं कुणी,
हाकलतही नव्हतं.

दोन वाजता पुन्हा सगळे जागेवर.
कारकुनाच्या हातात पुढची फाइल, तिच्यामागे आणखी नऊ.
लिंडक्विस्टबाईंनी चष्मा काढला.
त्या वाहूजवळच्या शेतावर वाढलेल्या, असं कुणीतरी म्हणालं होतं.
त्यांनी विचारलं: घेवडा कुठला?

सरकारी वकील घड्याळाकडे बघतो.
फोनवरचा माणूस म्हणतो, प्रश्न पुन्हा सांगाल का?
पुन्हा सांगतात.
प्रश्न खाली येतो, मी तो ठेवतो,
आणि बासिलिया सकाळपासून पहिल्यांदा मान वर करते.
वेलाचा, ती म्हणते. मक्याच्या ताटांवर चढणारा.
फुलं लाल. त्या वर्षी इतकी आली होती की
आम्ही दारातून बाहेर बघितलं तेव्हा आधी
माणसं दिसलीच नाहीत—

थांब, मी म्हणतो. एवढं पुरे.
आधी हे नेऊन देतो.